शिवडी ते रास अल खोर



गेल्या हिवाळ्यात मंडळाची सहल लांब कुठे न नेता आपल्या घराजवळच, रास अल खोरच्या पक्षी अभयारण्यात नेली होती. ज्यांचे येणे झाले नाही त्यांच्यासाठी सांगतो. अरबीत 'रास' म्हणजे डोके आणि 'खोर' म्हणजे खाडी. दुबईची खाडी जिथे संपते तिथल्या दलदलीत थंडीच्या दिवसांत फ्लेमिंगोंचे थवे उभे असतात आणि लाकडी आडोशाच्या खोलीत बसून ते दुर्बिणीतून पाहता येतात. एका बाजूला गॅरेजेस आणि गोदामे, दुसऱ्या बाजूला उंच इमारती आणि मध्ये हे गुलाबी पक्षी! आमची प्रयोगशाळा याच औद्योगिक भागात आहे. रोज त्यांच्या शेजारून जातो, पण थांबून पाहिले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बाकीची मुले दहा मिनिटांत कंटाळून डब्यांकडे वळली. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा मात्र तासभर जागचा हलला नाही. तो बोलत नाही. त्याची आई आमच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "इतका वेळ तो कुठेच शांत बसत नाही हो." आणि मग जरा थांबून, "इथे आसपास आपल्या मुलांसाठी काय काय आहे, ते मंडळात कुणाला माहीत असेल ना?"

कुणालाच माहीत नव्हते. गणपतीच्या मूर्तीसाठी कुठे जायचे, अळूची पाने कोणत्या दुकानात मिळतात, कोणत्या शाळेत मराठी मुले जास्त आहेत, हे सगळे आमच्या समितीला तोंडपाठ आहे. हे मात्र नव्हते. त्याहून अवघड गोष्ट पुढे निघाली. हे कुटुंब तीन वर्षांपूर्वी गणेशोत्सवाला आले होते. आरतीच्या झांजा सुरू झाल्यावर मुलगा कानावर हात ठेवून ओरडू लागला, तेव्हा मंडळाच्या स्वयंसेवकांपैकी कुणीतरी त्यांना म्हणाले, "त्याला जरा बाहेर नेता का?" ते बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. म्हणणारे आम्हीच होतो की काय, ते आठवत नाही. पण त्या दिवशी छातीवर बिल्ला लावलेले आम्ही पाच-सहाच जण होतो.

त्या सहलीनंतर आम्ही एक वही केली. वहिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात लिहायचे, एवढाच बेत होता. पण रसायनशास्त्राच्या माणसाला कोणतीही गोष्ट पहिल्यापासून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे वहीच्या मागच्या पानांवर या सोयींचा इतिहास जमत गेला. संपादकांनी चार पाने दिली आहेत, म्हणून तो इथे मांडतो.

आपल्याकडे सुरुवात झाली ती अंध आणि बहिऱ्या मुलांपासून, आणि बहुतेक मिशनऱ्यांच्या हातून. बहिऱ्या-मुक्या मुलांची मुंबईतली संस्था १८८५ च्या सुमाराची. १९०० साली, दुष्काळाच्या काळात, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात त्यांची मुलगी मनोरमा स्वतः ब्रेल शिकून अंध मुलींना शिकवू लागली. ज्या मुलांची बुद्धी किंवा वागणे वेगळे, त्यांच्यासाठी मात्र या काळात शाळा अशी जवळजवळ नव्हतीच. अशी मुले घरात असत. पाहुणे आले की आतल्या खोलीत असत. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोळच्या वाड्यात अशी एक खोली होती, आणि 'तो मामा' कोण, हे आपण मोठे झाल्यावरच कधीतरी विचारले.

१९४४ साली मुंबईत वकील नावाच्या एका पारशी दांपत्यापुढे हाच प्रश्न आला. त्यांच्या जय या मुलीला डाउन सिंड्रोम होता. तिला घेईल अशी शाळा सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतःच मुलांना शिकवायला सुरुवात केली. तीच आजची शिवडीची जय वकील शाळा. ज्या शिवडीच्या खाडीत मुंबईकर फ्लेमिंगो पाहायला जातात, तीच ही शिवडी. रास अल खोरच्या त्या लाकडी खोलीत बसल्या बसल्या आमच्या डोक्यात हे आले नव्हते. वही लिहिताना आले.

पुण्यात १९६४ साली कामायनी सुरू झाली. १९७२ साली डॉ. मिथू अलूर यांनी कुलाब्याला स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले केंद्र उघडले. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे स्नायूंवर ताबा नाही. तिच्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या, तिथे स्वतः विशेष शिक्षण शिकल्या, आणि परत आल्यावर मुंबईत तशी सोय नाही म्हणून ती उभी केली. नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या. मालिनी चिब पुढे उच्चशिक्षित झाल्या, आणि त्यांनी आपले आत्मचरित्र एका बोटाने टंकलेखन करून लिहिले. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्या मंदिर काढले, तेही घरातल्या मुलासाठी शाळा शोधता शोधता. आमच्या पिढीला हा विषय पहिल्यांदा कळला तो शाळेतून नव्हे, तर १९९१ सालच्या 'चौकट राजा' या चित्रपटातून. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून सगळे घर रडले होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तशाच मुलाला आम्ही खेळायला घेतले का? नाही घेतले.

इथे थोडे विषयांतर करतो. ते आमच्या धंद्यातले आहे, म्हणून वाचकांनी सोसावे.

नॉर्वेत बोर्ग्नी एगेलँड नावाची एक आई होती. तिची दोन्ही मुले जन्मली तेव्हा ठीक दिसत होती, पण वाढता वाढता मागे पडत गेली. त्यांच्या लघवीला एक चमत्कारिक वास येतो, हे तिच्या ध्यानात आले. तिने डॉक्टरांमागून डॉक्टर गाठले. कुणी लक्ष दिले नाही. शेवटी १९३४ साली ती ऑस्लोच्या आस्ब्यर्न फॉलिंग यांच्याकडे पोहोचली. हे डॉक्टर तर होतेच, पण रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे लघवीत फेरिक क्लोराइड टाकले. मधुमेहात कीटोन असले तर लालसर तपकिरी रंग येतो, हे कॉलेजातल्या मुलालाही ठाऊक असते. इथे आला हिरवा. दुसरा कुणी असता तर परीक्षानळी धुऊन टाकली असती. फॉलिंग यांनी आईकडून आणखी लघवी मागवली, कित्येक लिटर, आणि त्यातून फिनाइल-पायरुविक ॲसिड शुद्ध करून काढले. फिनाइलअॅलनिन हे अन्नातले प्रथिनांचे एक घटकद्रव्य. ते पचवणारे एन्झाइम नसले की ते साठत जाते आणि मेंदूला मारक ठरते. या रोगाला आज पीकेयू म्हणतात.

पुढचा टप्पाही एका आईचाच. १९५० नंतरच्या काळात बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात एक बाई रोज सकाळी डॉ. हॉर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहायची आणि विचारायची, "माझ्या मुलीसाठी काय करणार?" बिकेल यांनी शेवटी ते द्रव्य कमी केलेला आहार तयार केला, आणि मुलगी सुधारू लागली. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब गाळणकागदावर घेऊन करायची स्वस्त तपासणी १९६० नंतर रूढ केली. गथ्री स्वतः एका मतिमंद मुलाचे वडील होते आणि गावातल्या पालक संघटनेत काम करत होते. तीच टाचेची तपासणी, पीकेयूपासून सुरुवात करून, संयुक्त अरब अमिरातीत १९९५ पासून होऊ लागली. आपल्यापैकी ज्यांची बाळे त्यानंतर अल वस्ल रुग्णालयात (२०१२ पासून त्याला लतीफा म्हणतात) जन्मली, त्यांना बाळाच्या टाचेला लावलेला तो छोटा कापूस आठवत असेल. एगेलँडबाईंच्या स्वतःच्या मुलांना या शोधाचा उपयोग झाला नाही. त्यांना उशीर झाला होता.

आता आखाताकडे येतो. शारजाची सिटी फॉर ह्युमॅनिटेरियन सर्व्हिसेस ही संस्था १९७९ सालची. दुबईत अल नूर हे प्रशिक्षण केंद्र १९८१ साली सुरू झाले, रशीद सेंटर १९९४ साली, आणि दुबई ऑटिझम सेंटर २००१ साली. इंडियन हायस्कूल १९६१ चे, म्हणजे आपल्या धडधाकट मुलांची शाळा अल नूरच्या वीस वर्षे आधीची. मधल्या वीस वर्षांत इथे नोकरीला आलेल्या माणसाचे मूल वेगळे निघाले, तर बहुधा एकच वाट होती : बायको आणि मूल गावी, आणि नवरा इथे खोलीवर. सभासदांतल्या जुन्या मंडळींना अशी कुटुंबे माहीत आहेत. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून आम्हाला ते 'फॅमिली स्टेटस नसलेले' वाटत राहिले.

कायदा त्यानंतर आला. २००६ सालचा संघीय कायदा क्रमांक २९ सांगतो की विशेष गरजा हे शाळाप्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये आणि अमिरातीने २०१० मध्ये मान्य केला. दुबईचा स्वतःचा कायदा २०१४ चा, त्याची जागा २०२२ च्या नव्या कायद्याने घेतली. २०१७ मध्ये दुबईच्या शिक्षण प्राधिकरणाने, म्हणजे केएचडीएने, खाजगी शाळांसाठी सर्वसमावेशक शिक्षणाचे धोरण काढले. ज्या मुलाला शाळा घेत नाही त्याची कारणे तिने प्राधिकरणाला कळवायची, आणि जादा मदतीचे जादा पैसे घ्यायचे तर पालकांशी लेखी करार करायचा, असे पुढे ठरले. हे पालकांना ठाऊक असणे फार गरजेचे आहे. आमच्या ओळखीच्या एका घराला एका शाळेने "सध्या जागा नाही" असे तोंडी सांगून परत पाठवले. त्यांनी लेखी उत्तर मागितले नाही, कारण मागता येते हेच त्यांना माहीत नव्हते. सहा महिन्यांनी दुसऱ्या शाळेत त्यांनी ते मागितले, तेव्हा मुलाची निदान चाचणी तरी झाली.

नावांची गंमत मात्र पाहा. आपल्याकडे 'मतिमंद', 'अपंग' हे शब्द होते. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि तो सरकारी झाला. इकडे २०१७ मध्ये 'अस्हाब अल हिमम', म्हणजे जिद्दीची माणसे, हा शब्द आला. दोन्ही देशांनी दीड वर्षाच्या आत बाटलीवरची चिठ्ठी बदलली. चिठ्ठी चांगली असावी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण प्रयोगशाळेत आम्ही आत काय आहे ते तपासतो. असो.

आत काय आहे, ते रास अल खोरहून पाहू. अल नूर आणि रशीद सेंटर ही दोन्ही अल बर्शाला आहेत, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. गाडी असेल तर सकाळी पाऊण तास, नसेल तर दोन-तीन वाहने बदलत जा. इथे अजून मेट्रो नाही. ब्लू लाइन २०२९ मध्ये सुरू करण्याचे ठरले आहे आणि ती आपल्या भागातून जाणार आहे, पण आज आठ वर्षांचा असलेला मुलगा तोवर थांबणार नाही. वडील शिफ्टला, आईकडे लायसन्स नाही, असे आपल्यात पुष्कळ आहेत. जवळचे म्हणावे तर अल जद्दाफचे अल जलीला मुलांचे रुग्णालय. २०१६ साली सुरू झालेले ते देशातले पहिले खास मुलांचे रुग्णालय. मात्र स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांचा खर्च स्वस्तातल्या विमा योजनांत सहसा बसत नाही, तेव्हा कंपनीच्या कार्डावर काय लिहिले आहे ते आधी नीट वाचावे. दुबईत राहणाऱ्या परदेशी कुटुंबांनाही सामुदायिक विकास प्राधिकरणाचे 'सनद' कार्ड काढता येते. ते आधी काढावे, कारण पार्किंग, प्रवास आणि सवलती सगळ्याला तेच दाखवावे लागते. शारजाच्या इंडियन असोसिएशनने अल इब्तिसामा हे केंद्र चालवले आहे, आणि शारजाला राहणाऱ्यांना तिथे आपली भाषा समजणारी माणसे भेटतात. एवढी माहिती वहीच्या पहिल्या दोन पानांवर आली. ती मिळवायला आम्हाला चार महिने लागले. आम्ही डॉक्टरेट झालेली माणसे, घरी रडणारे मूल नाही, तरी चार महिने. त्या वहिनींना किती लागले असतील?

वहीत सगळ्यात जास्त पाने भरली ती भाषेची. हे आम्हाला अपेक्षित नव्हते. आम्ही भेटलो त्या सात घरांपैकी चार घरांना कुणी ना कुणी सांगितले होते की मुलाचा गोंधळ होतो, घरी एकच भाषा बोला, म्हणजे इंग्रजी. आई-वडिलांनी भीतीपोटी मराठी बंद केली. ज्या आईचे स्वतःचे इंग्रजी बेताचे, ती मुलाशी कमी बोलू लागली. बोलायला उशीर झालेल्या मुलाशी घरातले मोठे माणूस कमी बोलू लागले, याला उपचार म्हणावे का? एका आजीने साताऱ्याहून फोनवर विचारले, "नातू आता मला ओळखायचा नाही का?" डाउन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेल्या मुलांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे अभ्यास झाले, त्यांत दोन भाषा ऐकल्याने अशा मुलाचे बोलणे आणखी मागे पडते असे आढळलेले नाही. आम्ही भाषातज्ज्ञ नाही. पण कुणी असा सल्ला दिला, तर त्याला आधार काय, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. त्या सहलीतल्या मुलाच्या आईने परत मराठी सुरू केली आहे. तो अजून बोलत नाही. पण "डबा आण" म्हटले की आणतो, आणि "बॉक्स" म्हटले की बसून राहतो, असे ती हसत सांगते.

पुढचा प्रश्न वयाचा. अमिरातीच्या नियमांप्रमाणे मुलाला बापाच्या व्हिसावर २५ वर्षांपर्यंत ठेवता येते, ही सवलत ऑक्टोबर २०२२ पासूनची. अविवाहित मुलगी आणि अपंग मूल यांना वयाची अट नाही. ऐकायला बरे वाटते. पण तो व्हिसा बापाच्या नोकरीला टांगलेला आहे, आणि नोकरीला वयाची अट आहेच. म्हणजे आज ना उद्या या मुलाला घेऊन पुण्याला, कोल्हापूरला, चिपळूणला जायचे आहे. तिथे काय लागेल, याची तयारी इथूनच, आणि सुट्टीच्या महिन्यात करावी लागते.

भारतात १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी पालकत्व नेमून घ्यावे लागते. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो. आपल्यातल्या बहुतेकांना हे कळते ते बँकेत मुलाची सही मागितल्यावर. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यामुळे पूर्वी "बसत नाही" म्हणून परत पाठवलेल्यांनी पुन्हा विचारावे. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड यांसाठी तिकडच्या सरकारी रुग्णालयात तपासणी लागते. तेव्हा मे-जूनच्या तिकिटात लग्नांबरोबर हाही एक दिवस धरावा. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचे वेगळे खाते काढले. त्याचा उपयोग किती होतो ते गावोगावी वेगळे ऐकू येते.

आणि आपल्यानंतर? हा प्रश्न एकाही घरात आम्ही विचारला नाही. प्रत्येक घरात तो त्यांनीच काढला. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचे 'घरकुल' आहे, मतिमंद प्रौढांसाठी पालकांनीच उभे केलेले कायमचे घर. आमच्यापैकी एक जण सुट्टीत तिथे जाऊन आला. तो परत आल्यावर त्याने संध्याकाळच्या वेळापत्रकाचे वर्णन केले : चहा, परवचा, भाजी निवडणे, कुणाची कुणाशी कट्टी. तो मुलीचा बाप आहे. "जागा कमी आहे," एवढेच शेवटी म्हणाला.

वही आता तीन झाल्या आहेत. त्यांच्या झेरॉक्स प्रती पुढच्या महिन्याच्या बैठकीत वाचनालयाच्या टेबलावर ठेवू. त्यात अजून तीन जागा कोऱ्या आहेत : मराठी बोलणारा किंवा समजणारा स्पीच थेरपिस्ट इथे कुणाला माहीत आहे का, रास अल खोर आणि इंटरनॅशनल सिटीहून अल बर्शाला सकाळी गाडी नेणारे आणि एखादी जागा देऊ शकणारे कोण, आणि अशा मुलाबरोबर महिन्यातून एक दुपार बसायला कोण तयार आहे, म्हणजे त्याच्या आईला केस कापायला जाता येईल. शेवटची मागणी एका वहिनींनी याच शब्दांत लिहून दिली आहे.

यंदाच्या गणेशोत्सवात आरतीच्या वेळी मागची लहान खोली उघडी ठेवणार आहोत. दार लोटले की तिथे झांजांचा आवाज फारसा जात नाही, हे आम्ही गेल्या शुक्रवारी वाजवून पाहिले. ते कुटुंब येणार आहे. मुलाला प्रसादातले केळे चालते, पेढा चालत नाही.